डबीत पडून राहिलेली श्रवणयंत्रे कानावर कशी रुळतील?

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे निवृत्त शिक्षक असून आईसोबत चिपळूणला राहतात. गेल्या वर्षी आम्ही त्यांना दोन्ही कानांसाठी डिजिटल श्रवणयंत्रे घेतली. यंत्र कानामागे बसते आणि बारीक तारेच्या टोकाला असलेली सिलिकॉनची टोपी कानात जाते. तपासणीच्या अहवालात दोन्ही कानांचे आकडे सारखेच आहेत : ५०० हर्ट्झला ३० डेसिबल आणि ४००० हर्ट्झला ७० डेसिबल. थोडे दिवस वापरून बाबांनी यंत्रे डबीत ठेवून दिली. ‘सगळा गोंगाट ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाहीत,’ असे ते म्हणतात. आम्हाला हा हट्टीपणा वाटतो. आता अधिक महागडी यंत्रे घ्यावीत, की हल्ली इअरबड्समध्येच श्रवणयंत्राची सोय येते, ती पाहावी? यंत्र न वापरल्यास स्मृतिभ्रंश होतो, असेही सांगण्यात आले. ते खरे आहे का?

उत्तर : आपल्या वडिलांचे वाक्य मी सर्वांत आधी विचारात घेते, कारण या प्रश्नात सर्वांत नेमकी माहिती त्याच वाक्यात आहे. गोंगाट ऐकू येणे आणि शब्द न कळणे, ही तक्रार हट्टातून येत नाही. वयोमानाने कमी झालेल्या ऐकण्याचे आणि पुरेशी काळजी न घेता लावून दिलेल्या यंत्राचे ते अचूक वर्णन आहे. त्यामुळे नवीन काही विकत घेण्याआधी, आहेत त्याच यंत्रांवर सहा ते आठ आठवडे नीट मेहनत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रवणयंत्र पैसे देऊन घरी आणले की काम संपले, असे होत नाही. ते त्या माणसाच्या कानाला, बोटांना, दिवसाच्या क्रमाला आणि घरातल्यांच्या बोलण्याच्या सवयींना जुळवावे लागते. यातली एखादी जुळणी राहून गेली, तरी चांगले यंत्रसुद्धा डबीत जाते.

प्रथम अहवालातील आकड्यांचा अर्थ पाहू. हर्ट्झ हे आवाज किती जाड की बारीक याचे, म्हणजे कंप्रतेचे माप आणि डेसिबल हे तो किती मोठा याचे. आतल्या कानातील शंखाकृती भागात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात आणि त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. उच्च कंप्रतेचे, म्हणजे बारीक आणि तीक्ष्ण आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या प्रवेशाशी असतात आणि वयोमानाने त्याच आधी जातात. आपल्या वडिलांना ५०० हर्ट्झला ३० डेसिबलपासून ऐकू येते, म्हणजे जाड आवाजांसाठी त्यांचा कान अजून बऱ्यापैकी शाबूत आहे. ४००० हर्ट्झला मात्र ७० डेसिबलपेक्षा कमी असलेला आवाज त्यांच्यासाठी अस्तित्वातच नाही. समोरासमोरचे साधे बोलणे एकूण ६० डेसिबलच्या आसपास असते आणि त्यातले तीक्ष्ण घटक त्याहूनही क्षीण असतात.

मराठीत याचा परिणाम कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. आ, ओ, ऊ हे स्वर आणि म, न, ल यांसारखी व्यंजने प्रामुख्याने खालच्या कंप्रतेत असतात, म्हणून ती वडिलांपर्यंत पोहोचतात. स, श, फ, थ, ख, च, ट यांची ओळख पटवणारी ऊर्जा वरच्या कंप्रतेत असते आणि ‘स’ची तर बहुतांश ४००० हर्ट्झच्या वर असते. त्यामुळे ‘साल’, ‘शाल’, ‘काल’, ‘ताल’ आणि ‘चाल’ हे शब्द त्यांना शेवटच्या ‘आल’पुरतेच ऐकू येतात आणि पुढचे अक्षर त्यांना संदर्भावरून ताडावे लागते. कुणीतरी बोलते आहे, कोण बोलते आहे, रागावून बोलते आहे की प्रेमाने, हे सगळे त्यांना कळते, कारण ते स्वरांतून कळते. नेमके काय म्हटले, तेवढे निसटते. ‘हवे तेव्हा बरोबर ऐकू येते’ हा घरोघरी होणारा आरोप इथूनच जन्माला येतो आणि तो अन्यायकारक आहे. ओळखीचा विषय, शांत खोली आणि समोर दिसणारा चेहरा असेल, तर अंदाज बरोबर येतो. यातले एखादे नसले, तर तो चुकतो.

आता गोंगाटाकडे येऊ. ऐकणे पाच-दहा वर्षांत हळूहळू कमी झालेले असते आणि त्या काळात फ्रिजची घरघर, पंख्याचा आवाज, वर्तमानपत्राच्या पानांची सळसळ, भांडी घासण्याचा किणकिणाट हे सगळे मेंदूच्या हिशेबातून गेलेले असते. निरोगी कानाच्या माणसालाही हे आवाज ऐकू येतच असतात. त्यांतले निरुपयोगी कोणते हे त्याच्या मेंदूला ठाऊक असते, म्हणून तो त्यांच्याकडे लक्ष देत नाही. यंत्र लावल्याबरोबर हे सारे एकदम परत येते आणि निवड करण्याची सवय मात्र मोडलेली असते. ती परत यायला आठवडे लागतात. चष्म्याशी तुलना करून लोक फसतात ते याच ठिकाणी. चष्मा लावला की अक्षर त्याच क्षणी स्पष्ट होते, कारण तिथे प्रतिमा योग्य जागी आणण्याचाच प्रश्न असतो. इथे आवाज टिपणारा अवयवच क्षीण झालेला असल्याने यंत्राने पाठवलेला आवाज अर्धवट स्वरूपात पोहोचतो आणि उरलेले काम मेंदूला नव्याने शिकावे लागते.

आणखी एक गुंतागुंत आहे, जी घरच्यांना विशेष बुचकळ्यात टाकते. हळू बोलले तर बाबांना ऐकू येत नाही आणि थोडा आवाज चढवला तर ‘ओरडतोस कशाला?’ म्हणतात. आतल्या कानाच्या या बिघाडात क्षीण आवाज ऐकू येईनासे होतात, परंतु मोठे आवाज पूर्वीइतकेच, कधी त्याहूनही अधिक बोचतात. ऐकू येण्याची सीमा आणि सहन होण्याची सीमा यांतले अंतर आक्रसते. म्हणून सगळ्या आवाजांना सारखे मोठे करणारे यंत्र अशा कानाला त्रासच देते. डिजिटल यंत्र लहान आवाज जास्त, मध्यम आवाज थोडा आणि मोठा आवाज जवळजवळ अजिबात न वाढवता पुढे पाठवते, तेही प्रत्येक कंप्रतापट्ट्यात वेगवेगळ्या प्रमाणात. आपण पैसे दिले आहेत ते मुख्यतः या क्षमतेसाठी आणि ती बाबांच्या कानाप्रमाणे जुळवली नसेल, तर महाग यंत्र आणि स्वस्त यंत्र यांत फारसा फरक उरत नाही.

माझा खरा आग्रह या जुळवणीबद्दल आहे. बऱ्याच ठिकाणी श्रवणालेख, म्हणजे तपासणीतल्या आकड्यांचा आलेख, संगणकात भरतात, सॉफ्टवेअर एक सरासरी जुळवणी सुचवते, ती यंत्रात उतरवली जाते आणि रुग्णाला ‘कसे वाटते?’ असे विचारून घरी पाठवले जाते. ही सरासरी कुणा तिऱ्हाइताच्या कानाची असते. प्रत्येकाच्या कानाची नळी लांबी-रुंदीला वेगळी असल्याने एकच यंत्र दोन माणसांच्या कानाच्या पडद्याजवळ वेगवेगळा आवाज निर्माण करते. तो मोजण्याची पद्धत आहे : केसासारखी बारीक, मऊ नळी पडद्याच्या जवळपर्यंत सरकवायची, त्यावर यंत्र बसवायचे, समोरच्या स्पीकरवर बोलण्याचा आवाज लावायचा आणि पडद्याशी प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो, हे संगणकावरच्या आलेखात पाहून यंत्र कमी-जास्त करायचे. याला ‘रिअल इअर मेजरमेंट’ म्हणतात. पुढच्या भेटीत, ‘ही मोजणी तुमच्याकडे होते का?’ हा एकच प्रश्न विचारा. होत नसेल, तर जिथे होते तिथे जा, मग त्यासाठी रत्नागिरी, पुणे किंवा मुंबईची फेरी पडली तरी चालेल. जाण्यापूर्वी फोन करून दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. एक म्हणजे जुळवणी करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे ना, आणि दुसरी म्हणजे आपले यंत्र त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते ना. काही विक्रेते स्वतःच्या दुकानापुरतीच उघडतील अशी ‘लॉक’ केलेली यंत्रे विकतात आणि ग्राहकाला ते बहुधा सांगितलेले नसते.

या मोजणीनंतरही पहिल्याच दिवशी पूर्ण आवाज देऊ नये. लक्ष्यापेक्षा थोडा कमी आवाज ठेवून तो दोन-तीन भेटींत वर नेला, तर मेंदू तो स्वीकारतो. कानातल्या सिलिकॉनच्या टोपीकडेही लक्ष हवे. बाबांना खालच्या कंप्रतेचे आवाज स्वतःहून बरेच ऐकू येतात, त्यामुळे कान गच्च बंद करणारी टोपी लावली तर त्यांना स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटेल आणि वर्गात आयुष्यभर बोललेल्या माणसाला ते नकोसे होईल. छिद्रांची टोपी बहुधा त्यांना मानवेल. मात्र ती फार सैल झाली तर शिट्टी वाजते, म्हणून तिचा आकार कानात बसवून, जबडा हलवायला लावून पाहूनच ठरवावा लागतो.

आता बोटांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण यंत्रे डबीत जाण्याचे हे कारण कुणी बोलून दाखवत नाही. आपल्या यंत्रांना बहुधा ३१२ किंवा १३ क्रमांकाचे झिंक-एअर सेल लागत असतील. ३१२ला तपकिरी आणि १३ला केशरी पट्टी असते. सेल उंचीला जेमतेम साडेतीन ते साडेपाच मिलिमीटर. माझ्यासमोर टेबलावर बसलेले आजोबा प्रथम नखाने ती पट्टी सोलतात. मधुमेहामुळे बोटांची टोके बधिर असतील, तर पट्टी सुटली की नाही हे त्यांना स्पर्शाने कळत नाही. मग यंत्राचे चिमुकले दार उघडायचे, ‘अधिक’ची खूण असलेली बाजू योग्य दिशेला ठेवायची आणि दार अलगद लावायचे. सेल उलटा पडला तर दार लागत नाही, जोर केला तर मोडते. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती खूण दिसत नाही. दोनदा सेल खाली पडतो, फरशीवर घरंगळतो, सून तो शोधून देते आणि आजोबा ‘राहू दे’ म्हणतात. ते ‘राहू दे’ पुढे घरी कायमचे होते, कारण प्रत्येक आठवड्याला दुसऱ्याकडे सेलसाठी हात पसरणे स्वाभिमानी माणसाला जड जाते. म्हणून यंत्र घालणे, काढणे, सेल बदलणे आणि टोपी पुसणे या चार क्रिया बाबांनी तज्ज्ञासमोर कुणाच्याही मदतीशिवाय करून दाखवल्यावरच भेट संपली असे समजावे. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. काम ताटात किंवा टॉवेलवर करावे, म्हणजे पडलेले हरवत नाही. चुंबकाचे टोक असलेला ब्रश मिळतो, त्याने सेल सहज निघतो. एवढे करूनही जमत नसेल, तर चार्जिंगची यंत्रे हा योग्य पर्याय ठरतो आणि नवीन यंत्र घेण्यासाठी मी हे कारण मान्य करीन.

सेलबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. हा सेल हवेतील प्राणवायूवर चालतो, त्यामुळे पट्टी काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग आत घालावा. एकदा पट्टी काढली की तो वापरा किंवा वापरू नका, संपू लागतो, पट्टी पुन्हा चिकटवून फारसा उपयोग होत नाही. आकार आणि वापर यांनुसार तो सुमारे एक ते दोन आठवडे टिकतो. घरात नातवंडे येत असतील, तर नवे आणि जुने दोन्ही सेल त्यांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

चिपळूणचे हवामान हा स्वतंत्र विषय आहे. जून ते सप्टेंबर या काळात कोकणातल्या दमट हवेने यंत्राच्या मायक्रोफोनवर आणि तारेच्या टोकाच्या स्पीकरवर ओल धरते, आवाज अडखळतो, अधूनमधून बंद पडतो आणि माणूस ‘यंत्र खराब निघाले’ म्हणून ते ठेवून देतो. रात्री यंत्र काढल्यावर सेल बाहेर काढून, दार उघडे ठेवून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. जेलचे खडे रंग बदलतात, तेव्हा ते वाळवावे किंवा बदलावे. डोक्याला तेल लावण्याची सवय असेल, तर तेल रात्री यंत्र काढल्यानंतर लावावे आणि सकाळी आंघोळ करून कानामागची जागा कोरडी पुसल्यावरच यंत्र चढवावे. तेल आणि टाल्कम पावडर ही दोन्ही मायक्रोफोनची सूक्ष्म छिद्रे बुजवतात. कानातल्या टोकाशी मळ अडवणारी एक जाळी असते, तिला ‘वॅक्स गार्ड’ म्हणतात. दुरुस्तीला आलेल्या ‘बंद’ यंत्रांपैकी कितीतरी ही जाळी बदलताच बोलू लागतात. चष्म्याची काडी आणि यंत्र कानामागे एकाच जागी येतात, त्यामुळे आधी चष्मा आणि मग यंत्र, हा क्रम बहुतेकांना सोपा जातो. चष्मा, मास्क किंवा हेल्मेट काढताना मात्र एक हात कानाशी ठेवावा, कारण यंत्रे हरवतात ती बहुतांशी अशाच वेळी.

दिवसात यंत्राला जागा कुठे द्यायची, याविषयी माझा अनुभव असा की ‘जमेल तसे वापरा’ हा सल्ला सर्वांत वाईट. पाहुणे आल्यावर किंवा लग्नाला जाताना तेवढे यंत्र लावणारा माणूस ते नेमके सर्वांत कठीण परिस्थितीत वापरतो, हरतो आणि सोडून देतो. सुरुवात घरातल्या शांत, ठरलेल्या वेळांपासून करावी. सकाळी आंघोळ आटोपली की यंत्र कानावर चढावे, मग चहा आणि वर्तमानपत्र. बाबांनी एखादा उतारा स्वतः मोठ्याने वाचावा, म्हणजे स्वतःच्या आवाजाची सवय होते आणि ओळखीच्या शब्दांचे हरवलेले ‘स’ आणि ‘श’ कानावर पडू लागतात. नंतर आई समोर बसून वाचील आणि बाबा ऐकतील. दुपारी झोपताना यंत्र काढावे, संध्याकाळी पुन्हा घालावे. पहिल्या आठवड्यात दिवसाकाठी चार-पाच तास, पुढे जागेपणाचा बहुतेक वेळ, असे वाढवत न्यावे. पंधरा दिवसांनंतर दूरदर्शनच्या बातम्या, मग देवळातले कीर्तन, तेही पुढच्या रांगेत बसून, आणि लग्नाचे कार्यालय सर्वांत शेवटी. कार्यालयात ध्वनिक्षेपकाकडे पाठ करून भिंतीलगत बसावे आणि एका वेळी एकाशीच बोलण्याची अपेक्षा ठेवावी. तिथे तरुण कानांनाही शब्द निसटतात, हे बाबांना आवर्जून सांगा. ढोल-ताशांच्या मिरवणुकीत यंत्र काढून ठेवावे. छिद्रांची टोपी कानाचे संरक्षण करत नाही, त्यामुळे मिरवणुकीपासून दूर राहणे हाच खरा उपाय.

आजची बहुतेक डिजिटल यंत्रे रोज सरासरी किती तास वापरली गेली आणि कशा प्रकारच्या आवाजात, याची नोंद स्वतःजवळ ठेवतात आणि तज्ज्ञाला ती संगणकावर दिसते. जुळवणीसाठी ती फार उपयोगी पडते. परंतु ही नोंद होते, हे वापरणाऱ्याला आधी सांगितले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. ‘दिवसभर घालतो’ म्हणणाऱ्या वडिलांना मुलांसमोर ‘नोंद तर तासाभराची आहे’ असे ऐकवणे म्हणजे अंगावर घातलेल्या वस्तूने त्यांची चहाडी करणे होय. तासाभराची नोंद दिसली, तर त्या तासाबाहेर काय टोचते, काय दुखते, कशाचा त्रास होतो, हे विचारण्यासाठी तिचा उपयोग करावा.

आता आपल्याकडचा वाटा. यंत्राचा उपयोग एक ते दीड मीटर अंतरावर सर्वाधिक होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो आणि घरात फरशी, भिंती, काचा यांवरून उलटणारे पडसाद शब्दांना आणखी पुसट करतात. त्यामुळे आईने स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीवरून, ओसरीवर बसलेल्या बाबांना हाक मारली, तर जगातले कोणतेही यंत्र ते वाक्य नीट पोहोचवू शकणार नाही. जवळ जावे, आधी हाक मारून लक्ष वेधावे, चेहरा उजेडात ठेवावा आणि नेहमीच्या आवाजात किंचित सावकाश बोलावे. ओरडू नये. ओरडताना मोठे होतात ते स्वर, आणि ते तर बाबांना आधीच ऐकू येत होते. व्यंजने तेवढीच क्षीण राहतात, शिवाय ओठांची ठेवण बिघडते. वाक्य कळले नाही, तर तेच पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगावे. ‘जाऊ द्या, काही नाही’ असे मात्र कधीही म्हणू नये. दिवसातून तीनदा हे ऐकणारा माणूस संभाषणातून उठून जातो आणि मग यंत्र घालण्याचे कारणच उरत नाही. आपण मुले फोनवरून बोलत असाल, तर फोनचा वरचा भाग कानाच्या भोकाशी न धरता कानामागच्या यंत्राच्या मायक्रोफोनजवळ धरायला शिकवा. यंत्रात ब्लूटूथ असेल, तर आवाज थेट दोन्ही कानांत जाईल आणि नातवंडांशी बोलणे पुष्कळ सोपे होईल.

इअरबड्सबद्दल माझ्या मनात अढी नाही. अंगावर घालायच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये श्रवणयंत्र सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. ट्रान्झिस्टर सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती प्रथम पोहोचला तो १९५२ साली बाजारात आलेल्या श्रवणयंत्रातून, खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर १९५४ मध्ये आला. त्या काळी गाण्यासाठीच्या वस्तूंनी श्रवणयंत्राची वाट धरली, आता श्रवणयंत्राची सोय गाण्याच्या वस्तूत येते आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२२पासून प्रौढांच्या सौम्य ते मध्यम श्रवणदोषासाठी विनाचिठ्ठी श्रवणयंत्रांना वाट करून दिली आणि सप्टेंबर २०२४मध्ये ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २मधील श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. पन्नाशीच्या माणसाला बैठकीत किंवा हॉटेलात शब्द निसटू लागले असतील, तर अशा साधनाने सुरुवात करायला माझी हरकत नाही. लाजेपोटी वर्षे घालवण्यापेक्षा ते नक्कीच बरे. आपल्या वडिलांचा वरच्या कंप्रतेतला ऱ्हास मात्र ७० डेसिबलचा आहे, एका चार्जवर काही तासच चालणारे साधन त्यांचा दिवस भरून काढणार नाही आणि फोनच्या पडद्यावरून त्याची जुळवणी करणे त्यांना स्वतःला जमेल, असे वाटत नाही. शिवाय कानात इअरबड दिसले की समोरचा माणूस ‘हे गाणी ऐकत आहेत’ असे समजून बोलणे थांबवतो. बाजारात काही शे रुपयांना मिळणारी ‘आवाज वाढवणारी’ साधने मात्र घेऊच नका. त्यांत मोठ्या आवाजावर पुरेसा लगाम असेलच, याची खात्री नसते आणि उरलेल्या केशपेशींना त्याची झळ बसू शकते.

स्मृतिभ्रंशाची भीती घालून यंत्रे विकली जातात, हे मला मान्य नाही. कमी ऐकू येणे आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक दीर्घकालीन पाहण्यांत दिसला आहे, पण एकामुळे दुसरे होते आणि यंत्राने ते टळते, असे सरसकट सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरच्या ‘अचीव्ह’ या तीन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण गटात यंत्रे दिलेल्यांच्या आणि न दिलेल्यांच्या बौद्धिक ऱ्हासात लक्षणीय फरक आढळला नाही. ज्यांना अशा ऱ्हासाचा धोका आधीपासून अधिक होता, त्या उपगटात मात्र यंत्रे वापरणाऱ्यांचा ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंद होता. ही आशादायक गोष्ट आहे, पण वचन नव्हे. बाबांनी यंत्र वापरावे ते आईशी रोजचे बोलणे पुन्हा जमावे यासाठी. तेवढे कारण पुरेसे आहे आणि ते त्यांना भीतीपेक्षा लवकर पटेल.

पुन्हा जुळवणीला जाण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ तपासून घ्यावा, कारण मळाने भरलेल्या कानावर केलेली मोजणी व्यर्थ जाते. एकाच कानाचे ऐकणे वेगाने कमी झाले, कान वाहू लागला, चक्कर येऊ लागली किंवा एकाच कानात सतत आवाज येऊ लागला, तर आधी डॉक्टर आणि नंतर यंत्र. एखाद्या सकाळी अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी सुधारणेची शक्यता अधिक, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

खर्चाचा प्रश्न आपल्यापुढे नसला, तरी शेजारीपाजारी कुणाला असेल तर सांगता येईल. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तिथे तपासणी होते आणि दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेखाली पात्र व्यक्तींना श्रवणयंत्रेही मिळतात. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तर महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी ३००० रुपये खात्यात जमा होतात. शिबिरातून मिळालेल्या यंत्रालाही वर सांगितलेली जुळवणी लागतेच.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही यंत्रे, सेलचे पाकीट, जुना श्रवणालेख, चालू औषधांची यादी आणि बाबांचा चष्मा सोबत न्या. आईलाही न्या, कारण दिवसभरात कोणत्या ठिकाणी आणि कोणते शब्द निसटतात, हे त्यांनाच सर्वांत चांगले ठाऊक असते. शब्द ओळखण्याची चाचणी मराठीतूनच घ्यायला सांगा आणि ती यंत्र लावून व यंत्राशिवाय अशी दोन्ही प्रकारे घ्यायला सांगा. मोजून केलेल्या जुळवणीनंतर, रोजच्या वापराच्या सहा ते आठ आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तेव्हाही शब्द कळण्यात काही फरक पडला नसेल, तर दोन्ही वेळचे आकडे समोर ठेवून अधिक क्षमतेच्या यंत्राचा किंवा बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायच्या छोट्या मायक्रोफोनचा विचार करता येईल. तोवर नव्या यंत्रांसाठी पैसे खर्च करू नका.